कोणतं खातं काय खातं?

मित्रांनो, दुकानात पैसे आले की दवंडी पिटणारा तो छोटा बोलका डबा म्हणजे मी. कारखान्यात माझ्या पोटात काही वाक्यं भरली आणि मला पाठवलं ताईच्या टेबलावर. ताई एका खोलीत व्यंगचित्रांचं मासिक काढते. शेजारी बसून बाइंडरकाका अंकांना टाचण्या मारतात. कुणाची वर्गणी आली की मी वर्गणीदाराचं नाव घेऊन ओरडायचो. काका म्हणायचे, "आमच्या घरात एवढ्या आनंदानं कोणी माझं नाव घेत नाही!" मी फुशारून जायचो.

मग तो अंक निघाला. मुखपृष्ठावर नगरपालिकेची सारी खाती पंगतीला बसलेली. पाणीखातं नळ चघळतंय, रस्तेखातं डांबर ओरपतंय. वर मथळा: 'कोणतं खातं काय खातं?' अंक हातोहात खपला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्याच तोंडून निघालं, "आपले खाते बंद करण्यात आले आहे. धन्यवाद."

मी हादरलो. असलं वाक्य माझ्या पोटात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं! ताईचा ब्रश शाईतच राहिला.

वर्गणीचे पैसे ज्या कंपनीच्या खात्यातून यायचे, तिला ताईनं फोन लावला. मी कान टवकारले. मला कान नाहीत, तरी.

"खातं बंद का केलंत?"

"तुम्ही विनापरवाना खाद्यपदार्थ विकता, मॅडम. कोण काय खातं, हे तुमच्याच मुखपृष्ठावर आहे."

"अहो, ते व्यंगचित्र आहे!"

पलीकडे कळफलक खडखडला. मग कंपनीच्या बाई म्हणाल्या, "मग तर ते जास्तच गंभीर आहे. चित्र मागे घ्या, खातं उघडतो."

काका पुटपुटले, "घे गं मागे. वर्गणी आली नाही तर पुढचा अंक कशानं काढशील?"

"आणि काढला तर त्यात छापू काय, काका? फुलदाण्या?"

"फुलदाणीसुद्धा कोणीतरी मनाला लावून घेईल," काका म्हणाले आणि त्यांनी टाचण्यांचं यंत्र पुढे ओढलं.

चित्र राहिलं, खातं गेलं. सोळा पानांचा अंक चार पानांवर आला. वाचक पाकिटात नोटा घालून पाठवतात. काही पाकिटं पोचतात, काही नाही. मी फळीवर मुका बसलोय.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाचं खातं असं बंद झालं, तर 'त्याची चित्रं मला आवडायचीच नाहीत' म्हणून वळून जाऊ नका. आवडत नसली तरी विचारा: का? मला प्रश्न विचारता येत नाही. तुम्हाला येतो.