तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

“बंद करू नको रे, चालू राहू दे!” बॉनेटखाली वाकलेला चिमाजी ओरडला.

घोडेगाव सोडून तळेघरच्या रस्त्याला लागलं की त्याचं गॅरेज. समोर भरतची पिकअप धडधडत उभी. मागच्या हौद्यात बाजार उरकून वर निघालेली चौदा माणसं आणि एक शेळी. पिकअप मालाची आहे, माणसांची नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर जायला दुपारनंतर दुसरं काही मिळत नाही, हेही ठाऊक आहे. पहिल्याला दंड आहे. दुसऱ्याला नाही.

“भरल्या गाडीला चढावर ठॉक-ठॉक करतंय, भाऊ. रिकामी असली का नाय करत,” भरत म्हणाला.

चिमाजीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. शिक्षण सातवी. कुणी शिकवलं नाही, तीस वर्षं असंच ऐकून शिकला. पार मढ गावापासून लोक गाड्या घेऊन यायचे ते या कानासाठी.

आज मुठीतून नुसती थरथर येत होती. उजवा कान लावून झाला, डावा झाला.

“शेळीचा आवाज आसंल, राव!” हौद्यातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

स्पेअर पार्टच्या काउंटरवरून त्याची बायको वैजयंती बघत होती. गेलं वर्षभर ती त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. दोघांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता.

“वैजू, इकडं ये. तू ऐक.”

“मी?”

“आता वैनी मिस्तरी झाल्या!” भरत म्हणाला.

“तुला ऐकू आलं का काय बिघडलंय ते? मग गप ऱ्हा.” तिनं पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

चिमाजीनं पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर काढली, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद. इंजिन लंगडलं.

“तसंच वाजतंय.”

ती वायर परत लावून त्यानं दुसरी काढली.

“तसंच.”

तिसरी.

“गेला आवाज.”

त्यानं वायर पुन्हा लावली.

“आला.”

“वर वाजतोय का खाली?”

तिनं टोक खाली, ऑइलच्या टाकीजवळ धरलं. “खाली. हातोडी मारल्यावानी.”

खालचा आवाज म्हणजे बेरिंग. ते दोन महिन्यांपूर्वी चिमाजीनंच बसवलं होतं.

“इंजेक्टर आसंल,” भरत म्हणाला. “एवढी माणसं पोचवून येतो, मंग उघडू.”

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. चिमाजीनं म्हटलं असतं तर तालुक्यात कुणी शंका घेतली नसती. त्यानं केबिनमध्ये हात घालून गाडी बंद केली आणि चावी खिशात टाकली.

“बेरिंग गेलंय. गाडी जात न्हाई.”

“माझ्याकडनं ऑइल कमी पडलं आसंल,” भरत हळूच म्हणाला. इतक्या लोकांसमोर चिमाजीला वाचवायला बघत होता बिचारा.

“तुझी चूक नाय. बेरिंगचे बोल्ट आवळायचा पाना असतो, कट्ट वाजला की थांबायचं. मला वाजलाच नाय. पाना खराब म्हणून बाजूला टाकला, हाताच्या अंदाजानं आवळलं.” तो थांबला. “पाना चांगला हाय. माझे कान गेलेत.”

हौद्यात कुणी हसलं नाही.

“आन् आमी कसं जायचं?” एक जण चिडून म्हणाला. “अंधार पडंल आमाला.”

“दुसरी गाडी बोलावतो. येईस्तोवर बसा माझ्याकडं. पर ह्या गाडीत घाट चढायचा न्हाई, मधीच इंजिन जाम हुईल.”

कुणी हललं नाही. ज्याचे कान गेले त्याचं निदान तरी का मानायचं, असं दोघा-तिघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यांत म्हातारी कोंडाबाई उठली. पिशवी काखेत मारून हौद्याच्या कडेला आली. खाली बघून म्हणाली, “उभा काय ऱ्हायलास? हात दे.”

चिमाजीनं पँटीला हात पुसला. ऑइलचं काळं निघालं नाही. म्हातारीनं तोच हात घट्ट धरला आणि आपला सगळा भार त्यावर टाकून खाली उतरली.