स्टोअररूममधली चटई

सकाळपासून शिडी चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले होते. खोलीत माणूस आहे की नाही हे टिपणारे सेन्सर छताला कुठे लावायचे, त्याच्या खुणा मी नकाशावर करत होतो. "एक कोपरा सुटता कामा नये," साहेबांनी काचेच्या केबिनमधून तिसऱ्यांदा बजावलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी काय बहिरा होतो?

शेवटी स्टोअररूम उरली. तिथे कपाटामागे चटई अन् उशी दिसली.

"इथे कोणी असतं का?" मी सफाईवाल्या मावशींना विचारलं.

"छे! चिटपाखरूही नसतं."

मी नकाशावर लिहिलं, 'सेन्सरची गरज नाही.' मग म्हणालो, "मावशी, जरा पाठ टेकू?"

"टेका. पण तीनच्या आत उठा. तीनला साहेब येतात."