वरच्या पट्टीतला तारा

सत्त्याण्णव सालचा सप्ता. काल्याच्या कीर्तनासाठी विट्याजवळच्या आमच्या गावचा मंडप भरून गेला होता आणि आमचे मृदंगवादक जोतिबाआप्पा मान वर न करता मृदंगाच्या वाद्या ओढत बसले होते. त्यांची मुलगी पूजा सांगलीला फिजिक्स शिकली. ताऱ्यांच्या रेडिओलहरी अभ्यासायला तिला पुण्यात बोलावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. आप्पा काही केल्या हो म्हणेनात.

कीर्तनकार हरिबाबुवांनी विषय काढला. आप्पा उसळले, "आवं बुवा, जे दिसत न्हाई त्येच्यामागं पोरीनं जल्म घालवायचा?"

"आप्पा, आपण तरी दुसरं काय करतोय?"

"देवाची गोष्ट येगळी. देव हाकंला येतो. तारा येतो काय?"

"तो हाक न मारताच येतोय, आप्पा," पूजा म्हणाली. तिच्या सरांनी त्या लहरींचा आवाज करून दिलेली कॅसेट तिच्याजवळ होती. "हा तारा स्वतःभोवती फिरतो, दर फेरीला एक ठोका. त्याचं चुंबकत्व लय जबर. असले बाकीचे तारे खालच्या पट्टीत खणखणीत, वरच्या पट्टीत चढले की विरतात. हा तिथं टिकतो का, ते बघायचंय."

"वरच्या पट्टीत आमचाबी गळा फाटतो," बुवा हसले. "लाव पोरी, ऐकू."

माइकवाल्यानं कॅसेट टेपात घातली. कर्ण्यातून ठोके येऊ लागले. ठक्. ठक्. ठक्.

आता आम्हा टाळकऱ्यांना एक खोड. ठेका कानावर पडला, की हात विचारत नाहीत. पाच-पंचवीस टाळ वाजायला लागले, 'रामकृष्ण हरि' सुरू झालं, आणि नेहमीप्रमाणे आम्ही रंगात येऊन लय चढवली. जोरात नाचलो. बुवा हात वर करतील तेव्हा थांबायचं, ही आमची रीत. पण बुवा पोट धरून हसत होते आणि तारा काही आमच्याबरोबर धावेना. आम्ही एकीकडं, ठोका दुसरीकडं. सगळा गोंधळ!

"थांबा रं गड्यांनो!" आप्पांनी आरोळी ठोकली. "तुमी पळालासा. त्यो जाग्याव हाय!"

त्यांनी मृदंग पुढं ओढला, डोळे मिटले आणि ताऱ्याबरोबर साधा ठेका धरला. बराच वेळ वाजवलं. मग हात थांबवून त्यांनी पूजाकडं पाहिलं.

"ह्यो वर टिकतो का, कुणालाच ठावं न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

"मग कुणीतरी जाऊन बघाय पायजे की." मृदंग बाजूला सारून ते म्हणाले, "आईला बॅग भराय सांग. पर दहीलाह्यांचा काला खाल्ल्याबिगर यष्टीत बसायचं न्हाई."

पूजा पाया पडली. तिला उठवता उठवता आप्पा हळूच म्हणाले, "आन् न्हाई टिकला तर गं?"

"तर तेबी कळंल की, आप्पा."

"व्हय की!" म्हणून आप्पा असे हसले, की बुवांना कीर्तन सुरू करायला अंमळ थांबावं लागलं.