नाक्यावर वितळलेला बर्फ

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. मी एक जुनी बर्फपेटी आहे. आज माझी कडी गंजली आहे. तेव्हा मी कोरी, निळीशार होते.

त्या वर्षी शेजारच्या तीन देशांनी मिळून पशुवैद्यांसाठी प्रशिक्षण भरवले. रानपक्ष्यांना सीमा ठाऊक नसते, मग त्यांचे आजार एकट्याने कसे हुडकायचे? मेलेल्या पक्ष्याच्या घशातला नमुना कसा घ्यावा, माझ्या पोटात तो गार कसा राखावा, हे सगळे तिथे शिकवले. झाकण उघडू नका, उन्हात ठेवू नका, हे पाहुण्या शिक्षकांनी इतके घोकून घेतले की मलाही पाठ झाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तळ्यावरची रानबदके पटापट मरू लागली. तळ्याचा राखणदार म्हणजे त्या प्रशिक्षणात शिकून आलेल्या आमच्या डॉक्टरीणबाईंचा थोरला भाऊ. त्याने ती उघड्या हातांनी गोळा केली आणि तापाने अंथरूण धरले. आजार कळल्याशिवाय नेमके औषध देता येईना, आणि तपासणारी प्रयोगशाळा सीमेपलीकडे. बाईंनी बदकांचे आणि भावाचे नमुने माझ्यात ठेवले. बाईंना घेऊन ड्रायव्हरकाकांनी आपली गाडी सीमेकडे पिटाळली.

सीमेच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्यांनी पेटीत काय आहे ते विचारले. काकांच्या जिभेला हाड नव्हते.

"मासळी नाही साहेब, रोग आहे. एकदम ताजा."

साहेब पांढरेफटक पडले. त्यांनी मला काठीने ढकलत लांब, भर उन्हात नेले. वरून परवानगी आल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. बाईंनी सावली मागितली, बर्फ मागितला, शेवटी हात जोडले.

"दादा, तुमच्याही घरी भाऊ असेल ना?"

"आहे, बाई. म्हणूनच जवळ येत नाही."

त्यांचे तरी काय चुकले? प्रशिक्षणाला सगळ्यांना बोलावणे गेले होते, नाक्यावरचा माणूस तेवढा कुणाला आठवला नव्हता. माझ्या पोटात बर्फाचे पाणी होत होते आणि मला ओरडताही येत नव्हते.

फार उशिरा परवानगी आली; पलीकडे पोचलो तेव्हा नमुने नासले होते. नवे घ्यायला बाई परतल्या, तोवर भाऊ उरला नव्हता.

काकांनी पुन्हा कधी थट्टा केली नाही. गाडी विकून ते गावी गेले. बाई स्वतः शिकवू लागल्या. पहिल्या वर्गाला ते अधिकारी आले, मागच्या बाकावर खाली मान घालून बसले. पुढे त्यांनीच मला नाक्यासाठी मागून घेतले.

तिथे आता बर्फाचे यंत्र आहे. बदके अजून येतात, अजून मरतात. मित्रांनो, माझी कडी गंजली तर गंजू द्या. पण पेटी ज्याच्या ज्याच्या दारावरून जाणार, त्याला आधी वर्गात बसवा.