तिसऱ्या रकान्यातली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. सागवानी, पितळी मुठीची, आणि जरा तोंडाळ. माझ्या पोटात तीनशे सहासष्ट कार्डं आहेत. वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक. एकोणतीस फेब्रुवारीचं कार्ड तर चार वर्षांतून एकदा कामाला लागतं आणि तरी ऐटीत असतं.

प्रत्येक कार्डावर तीन रकाने. पहिला घटनांचा, दुसरा जन्मांचा, तिसरा मृत्यूंचा. कुठे तह झाला, कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं एका तारखेखाली गुण्यागोविंदानं नांदतं. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी नेमणूक होती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'आजचा दिवस' याच तीन रकान्यांत छापून यायचा, तो माझ्यातून. शाळांच्या फळ्यांवर माझी वाक्यं लिहिली जायची. तेव्हा काय माझा तोरा होता म्हणून सांगू!

मला सांभाळणाऱ्यांना सगळे तारीखमास्तर म्हणत. अक्षर मोत्यासारखं, आणि नियम एकच. कार्डावर शाईनं लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. "खोडाखोड शाळकरी पोरांनी करावी," ते म्हणत. आपलं कधी चुकतच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. माझीही होती.

एका दमट दुपारी माझा खण अडकला. मास्तर ओढून ओढून वैतागले. मला दोन शिव्या हासडल्या, एक गुद्दा घातला, तेव्हा मी उघडले. त्याच रागात त्यांनी कात्रणावरून बारा नोव्हेंबरच्या कार्डावर एक ओळ उतरवली. सामुद्रधुनी पोहून जाणारी पहिली बाई, आणि तिचं नाव; साल लिहायचं राहूनच गेलं. कात्रणात तो जन्म होता. मास्तरांच्या हातून तो तिसऱ्या रकान्यात पडला.

बारा नोव्हेंबर आला, ओळ छापली गेली. अकराच्या सुमारास एक बाई कचेरीत आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, हातात घडी घातलेला पेपर.

"तारीखमास्तर आपणच का?"

"हो. आपण?"

"मी तुमच्या तिसऱ्या रकान्यातली. आज साठ पुरी झाली हो मला. सकाळपासून लोक माझ्या भाच्याला फोन करून सांत्वन करताहेत!"

मास्तर हसले नाहीत. "पुरावा?"

"अहो, समोर उभी आहे की!"

मास्तरांनी कात्रण काढलं, कार्ड काढलं, शेजारी धरलं. त्यांचं बोट कात्रणातल्या जन्मावरून कार्डाच्या तिसऱ्या रकान्यावर आलं. कार्ड त्यांच्या हातातच होतं, दौत उघडी होती. एक रेघ मारायची होती, बस्स. त्यांनी कार्ड आत सरकवलं आणि मला धाडकन बंद केलं.

"तुम्ही दोन ओळींची दुरुस्ती छापा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. "येत्या रविवारी गावातला पोहण्याचा नवा तलाव उघडतोय. पहिली उडी माझी ठरलीय. वर्षभर वाट बघतेय मी. आणि आता समितीवाले म्हणतात, बाई गेल्या, तर त्यांचं नाव तलावाला देऊ. जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. पाटीवर 'कै.' कोरायला घेतलंय! मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. मी भिते, मास्तर. मला पाण्यात उतरायचंय."

"बघतो," मास्तर म्हणाले. वर आणखी म्हणाले, "तसं तुमचंच नाव मोठं होतंय यात."

त्यांनी काही बघितलं नाही. संपादकांना सांगितलंसुद्धा नाही. पडलो तरी नाक वर, दुसरं काय! सोमवारी चहाच्या वेळी छायाचित्रकार तलावाची गंमत सांगत होता. फाटकाशी एक म्हातारी पाटीकडे बोट दाखवून "ही मीच" म्हणत होती. पहारेकरी म्हणाला, "आजी, त्या वारल्या, पेपरात आलं होतं." मग समितीच्या अध्यक्षांनी तिला ओळखलं. ओळखलं, आणि मान फिरवून फीत कापली. सगळी कचेरी खो खो हसली. मास्तरही हसले. ते हसणं मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

पुढच्या बारा नोव्हेंबरला ओळ पुन्हा छापून आली, आणि दोन दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, 'मी अजून आहे.' मास्तरांनी ते कुणाला दाखवलं नाही, माझ्या तळाशी कोंबलं. मग दर वर्षी एक ओळ आणि दर वर्षी एक पोस्टकार्ड. अशी अकरा झाली. शेवटच्यावरचं अक्षर पार वाकडं होतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये भाचा आला, बाई गेल्याची बातमी घेऊन. तीनच ओळींची होती. मास्तरांनी ती वाचली, पुन्हा वाचली. पलीकडचा उपसंपादक म्हणाला, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही. यांची नोंद आहे आपल्याकडे," मास्तर म्हणाले आणि कागद टोपलीत टाकला. भाचा जिना उतरून गेला.

आता मास्तर नाहीत. कधी गेले ते कुठल्याच कार्डावर नाही. माझी सगळी कार्डं संगणकात उतरवली, चुकांसकट. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्चीखाली पडून आहे. खण आता दमट दिवसात काय, कधीच उघडत नाही. तळाशी ती अकरा पोस्टकार्डं आहेत. मला पॉलिश नको, कौतुक नको. गुद्दा खाऊन मी उघडले होते, तेव्हा त्या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून एक मागते.

मित्रांनो, उद्या बारा नोव्हेंबर. पेपर आला की कोपरा बघा. तिसऱ्या रकान्यात ती ओळ असेल. ती खोडा आणि दुसऱ्या रकान्यात लिहा. पेन्सिलीनं नको, शाईनं लिहा. आमच्याकडे शाईचंच खरं मानतात.