विहिणीचं नाक

लाटंबार्श्यातल्या शंभूच्या फेणीच्या भट्टीवर काजूच्या बोंडूंचा रस काढला की उरलेला चोथा गुरांपुढे जायचा. सून आली आणि गुरांचा खुराक कमी झाला. गौरवी अन्नप्रक्रियेचं शिकलेली. ती चोथा धुवायची, पिळायची, वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. ही पूड बिस्किटांत घातली की पोट साफ राहतं, असं तिचं म्हणणं. शंभू तिला रोज छेडायचा, "त्यात हुतां तां सगळां आमी काडून घेतलां. आता तू काय काडतंस?"

"तुमी ठेवलात तां, बाबा," गौरवी म्हणायची.

मांद्र्यात बेकरी चालवणारी पल्लवी पूड घ्यायला तयार होती. अट एकच, पुडीला ना चव हवी ना वास. पहिला नमुना तुरट निघाला, घसा धरायचा. मग गौरवीने गार पाणी सोडून कोमट पाण्यात चोथा पुन्हा पुन्हा धुतला आणि तुरटपणा गेला. दुसरा नमुना मात्र पल्लवीने डबा उघडताच परत केला. म्हणाली, "फेणीचा वास येतो. बिस्किटं मुलं खाणार. आणखी एकदाच बघेन, नाहीतर दुसरीकडून घेईन."

गौरवीने डबा घरभर फिरवला. शंभूने हुंगला, वास नाही. सासू सुलोचनाने हुंगला, वास नाही. नवरा सर्वेश तर डब्यात नाक घालून शिंकला, पण त्यालाही वास नाही. फेणी गाळणाऱ्या घरातली नाकं ती, त्यांना फेणी म्हणजे हवा. नवल गौरवीचं. लग्न होऊन आली तेव्हा तिने अंगणातच नाकाला पदर लावला होता आणि शंभूने तिला कितीतरी दिवस 'पेडण्याचं नाक' म्हणून चिडवलं होतं. आता ते नाकही कामातून गेलं होतं. डबा मांडीवर घेऊन ती नुसतंच झाकण उघडत-लावत राहिली. शंभूला ते बघवेना.

भरवशाचं नाक उरलं एकच, तिच्या आईचं, पेडण्याला. लग्नाच्या बोलणीला आलेली कमलाक्षी भट्टीकडे पाठ करून बसली होती. तेव्हा शंभूने चारचौघांत विचारलं होतं, "विहीणबाय श्वास घरूनच घेऊन आयल्यात काय?" आता त्याच नाकापुढे डबा धरायचा होता. शंभू मनातून वरमला, पण मोटारसायकल काढली.

"व्याहीनू, तुमी जरा लांब रवा, डब्याचो वास कळांदे," म्हणत कमलाक्षीने त्याला आधी अंगणात उभं केलं. मग हुंगून म्हणाली, "येता हो. धुतलात कसल्या पाण्यान?"

"टाकीतल्या. फेणीची वाफ निवता ती नळी त्यातसून जाता, पाणी आयतांच तापता..." शंभूचं बोलणं तिथेच अडलं. नळीला कुठेतरी पाझर असणार. जळण वाचेल म्हणून ते पाणी त्यानेच सुनेला दिलं होतं. पोरीच्या मेहनतीवर पाणी फिरवलं ते त्याने, आणि तेही फेणीचं.

घरी येऊन त्याने काही लपवलं नाही. विहिरीचं पाणी ओढलं, स्वतः चुलीवर तापवलं. चोथा त्याच दिवशीचा ताजा घेतला, आणि वाळवला तो भट्टीपासून दूर, शेजारच्या सगुणच्या गच्चीवर.

नवा डबा घेऊन सासरा-सून दोघं पेडण्याला गेली. कमलाक्षीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. "कायच नाय. ना वास, ना चव. असलां खातत तरी कित्याक?"

गौरवीने आनंदाने आईला मिठी मारली. कमलाक्षीचं नाक लेकीच्या खांद्यावर टेकलं.

"गो चेडवा, वास डब्याक नाय," ती हळूच म्हणाली. "तुका येता."

तिने पदर उचलला. शंभूला वाटलं, आता नाकाला लावणार. तिने तो डोळ्यांना लावला. शंभूला एक झकास कोटी सुचली होती. ती त्याने गिळली आणि कोणी न सांगताच अंगणात जाऊन उभा राहिला.