माझ्या क्लचची नवी मूठ

मित्रांनो, मी एक जुनी, दोनच आसनांची, शर्यतींत धावलेली लाल मोटार आहे. वयाने तुमच्या आजोबांची समवयस्क. उंचीने मात्र तुमच्या खांद्यालाही लागणार नाही.

माझा पत्रा कारागिरांनी लाकडी हातोड्यांनी ठोकून घडवला. माझ्या स्वामिनीने मला घेतले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. डोंगरातल्या नागमोडी रस्त्यावर आम्ही दोघींनी सात शर्यती जिंकल्या. लोक टाळ्या वाजवीत, आणि खरे सांगते, त्या साऱ्या मलाच उद्देशून आहेत असे मी मानीत असे.

पुढे शस्त्रक्रियेनंतर त्यांचा डावा गुडघा वाकेनासा झाला आणि क्लच दाबणे अशक्य होऊन बसले. अकरा वर्षे मी ताडपत्रीखाली उभी राहिले. उंदरांनी माझ्या आसनात संसार थाटला.

अखेर त्यांच्या भाच्याने मला गॅरेजात नेले. तेथील वृद्ध मिस्त्रींनी माझा गंज खरवडला, इंजिनाचा एकेक भाग उतरवून धुतला, चेपलेले मडगार्ड पूर्ववत केले. भाच्याचा आग्रह एकच: प्रत्येक स्क्रू मूळचाच हवा. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मला प्रथम पारितोषिक मिळावे, ही त्याची मनीषा. माझीही तीच होती.

एके सकाळी माझ्या स्वामिनी, म्हणजे त्याच्या आत्याबाई, मला पाहायला आल्या. चालकाच्या आसनावर बसल्या, स्टिअरिंग हाती घेतले. पाय मात्र क्लच दाबू शकेना.

"ताई, क्लचची मूठ गिअरच्या दांड्यावर बसवू," मिस्त्री म्हणाले. "स्कूटरसारखी, हातानं दाबायची. तळाला एक भोक पाडावं लागेल, बस."

"भोक?" भाचा ओरडलाच. "मिस्त्री, मग प्रदर्शनात हिला कोणी उभीसुद्धा करणार नाही!"

"उभी करायला ती काय विजेचा खांब आहे?" आत्याबाई म्हणाल्या. "अरे, अकरा वर्षं उभीच होती की! बक्षीस तू कपाटात ठेवशील. मला हिला एकदा घाट चढवायचाय, माझ्या हातानं."

भाच्याने माझ्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "पाडा भोक. पण सरळ पाडा."

"सदतीस वर्षांत वाकडं पाडलं नाही," मिस्त्री पुटपुटले.

मित्रांनो, लपवीत नाही; ड्रिल लागले तेव्हा मी मनातून रुसले. माझे मूळपण गेले असे मला वाटले.

चाचणीच्या दिवशी भाचा शेजारी बसला. आत्याबाईंनी मूठ सोडली आणि मी आचका देऊन बंद पडले. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"आत्या, हळू सोड ना!"

"गप्प बस. तुला सायकल कोणी शिकवली?"

"तू. आणि गुडघे माझे फुटले."

"फुटले, पण शिकलास ना? मग धरून बस."

चौथ्या खेपेस मूठ अलगद सुटली आणि माझी चाके निघाली. घाटाच्या पहिल्याच वळणावर आत्याबाईंनी गिअर असा बदलला, जणू मधली वर्षे आलीच नव्हती. भाचा दोन्ही हातांनी दार धरून हसत होता. माझा रुसवा कोठे गळून पडला, मला कळलेही नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघे घाटमाथ्यावर होतो.

म्हणून, बालमित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही धूळ खात पडले असेल, तर ते पुसा, त्याला तेल द्या, लागेल तो बदलही करा. पण ज्याचे ते आहे, त्याच्या हाती ते पुन्हा चालते करून द्या. आणि ती व्यक्ती तुम्हाला शेजारी बसवील, तेव्हा वळणावर ओरडायचेच असेल, तर आनंदाने ओरडा.